छायाचित्रण ‘येते’ असे केव्हा म्हणावे?

तळ्याकाठी | २१ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. पोहता येते, सायकल येते, पेटी येते, असे आपण सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ कळतो. ज्याला पोहता येते त्याला विहिरीत सोडले तर तो बुडत नाही. छायाचित्रण ‘येते’ असे म्हणताना आपल्याला नेमके काय म्हणायचे असते, हा प्रश्न मला तीन दिवसांपासून सतावतो आहे.

यंदाच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी संमती कट्ट्याजवळ कॅमेरा घेऊन उभा होतो. दिवसभरात ६४० फोटो काढले. त्यांतले आठ मित्रांना आवडले आणि एक तर फारच आवडला: बाराबंदी घातलेला एक तरुण नंदीध्वज (यात्रेतली मानाची उंच काठी) पेलतो आहे, मान मागे गेली आहे आणि हनुवटीवर घामाचा एकच थेंब लोंबकळतो आहे. ‘तू आता फोटोग्राफर झालास’ असे सगळे म्हणू लागले आणि मलाही ते खरे वाटले. त्यानंतर चारच दिवसांनी मावशीची पंच्याहत्तरी होती आणि ‘बाहेरचा माणूस कशाला, आपला आहेच की’ असे म्हणून ती जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली. हॉलमधले दोनशेच्या वर फोटो घरी येऊन पाहिले तेव्हा बहुतेक सगळे पिवळट आणि हललेले निघाले. औक्षणाच्या फोटोत निरांजनाची ज्योत स्वच्छ दिसते, पण मावशीचा चेहरा पुसल्यासारखा आला आहे. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर एवढेच विचारले, ‘औक्षणाचा निघाला ना रे?’ मी हो म्हणालो. ते खोटे होते आणि ते मला अजून टोचते आहे.

तेव्हा जाणकारांना मनापासून विचारतो: गड्ड्याचा तो फोटो मी काढला, की तो मला सापडला? छायाचित्रण येते असे कोणाविषयी म्हणावे?

कडक_भाकरी | २१ जानेवारी, रात्री १०.०५

हॉलमधल्या औक्षणाच्या फोटोचे आकडे द्या. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ (म्हणजे लेन्सचे छिद्र, प्रकाश आत घेण्याचा वेळ आणि प्रकाशाची संवेदनशीलता) किती होते ते कळल्याशिवाय पुढचे बोलणे हवेतले होईल.

तळ्याकाठी | २१ जानेवारी, रात्री १०.२०

एफ/५.६, शटर १/८ सेकंद, आयएसओ ४००. कॅमेऱ्याबरोबर आलेलीच लेन्स होती. आयएसओ ४०० च्या वर नेला की फोटोत दाणे येतात, असे मला एकाने सांगितले होते, म्हणून मी ती मर्यादा घालून ठेवली होती.

हायपो | २२ जानेवारी, सकाळी ७.१५

तळ्याकाठी, तुमचा प्रश्न मोलाचा आहे आणि तो प्रामाणिकपणे विचारल्याबद्दल आधी तुमचे कौतुक करतो. मी १९७८ पासून ३३ वर्षे सोलापुरात स्टुडिओ चालवला, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी औक्षणाचे पाहू. १/८ सेकंद हा हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी फार मोठा काळ आहे, आणि तेवढ्या वेळात औक्षण करून घेणारी बाई पापणी लववते, मान किंचित खाली घेते, ओठ हलवते. ज्योत नीट आली, कारण ती स्वतःच इतकी तेजस्वी असते की तिचा ठसा क्षणात उमटतो. चेहऱ्यावरचा प्रकाश मात्र पूर्ण १/८ सेकंद साठत राहिला आणि त्यात हालचालही साठली. आयएसओ ३२०० केला असता तर शटर १/६० वर आले असते. एफ/१.८ ची साधी ५० मिलिमीटरची लेन्स असती तर एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत आला असता, आणि मग आयएसओ ८०० वरसुद्धा १/१५० च्या आसपास शटर मिळाले असते. फोटोत दाणे आले तरी मावशी ओळखू येतात. हललेल्या फोटोत त्या येत नाहीत.

आता गड्ड्याच्या फोटोकडे वळू. तो तुम्ही इथे लावलेला नाही, पण एक अंदाज सांगतो: त्यातली बाराबंदी पांढरी नसून किंचित राखाडी आली असावी. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारे आहे असे धरून चालतो. अक्षता सोहळ्याला चहूकडे पांढरेच पांढरे असते, मीटरला वाटते की प्रकाश फार झाला, आणि तो सगळे दाबून टाकतो. तिथे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवावा लागतो. तुम्ही तो वाढवला होता का?

आमच्या काळी १२० च्या (रुंद फिल्मच्या) रोलमध्ये बारा फोटो निघत. लग्नाला लोक तीन रोल सांगत, म्हणजे छत्तीस फोटो, आणि त्या छत्तीसांत वरमाला, सप्तपदी, पाठवणी आणि दोन्हीकडचे रुसणारे पाहुणे बसवायचे. बारातले बारा कामाचे निघाले पाहिजेत, ही आमची कसोटी होती. शाळेच्या वर्गाच्या फोटोत पन्नास मुले असत आणि एखाद्याचे तरी डोळे मिटलेले येत. मग मी सगळ्यांना आधी डोळे मिटायला सांगू लागलो आणि ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला. उघडल्याबरोबर कोणी लगेच पापणी मिटत नाही. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, तीन वर्गांचे फोटो फुकट पुन्हा काढून द्यावे लागले तेव्हा ती सुचली.

म्हणून माझे उत्तर असे आहे: फसलेला फोटो का फसला हे ज्याला सांगता येते आणि पुढच्या वेळी तो तसा फसू देत नाही, त्याला छायाचित्रण येते.

तळ्याकाठी | २२ जानेवारी, सकाळी ८.५०

काका, आत्ता फोटो उघडून पाहिला. बाराबंदी खरोखरच राखाडी आहे. मी काहीही वाढवले नव्हते. आजवर ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

क्षणचित्रे | २२ जानेवारी, दुपारी १.३०

हायपो काकांविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. बिघाडाचे कारण सांगता येणे ही कारागिराची पात्रता झाली. छायाचित्रकाराचे पहिले काम पाहणे हे आहे, आणि ते आकड्यांत येत नाही.

मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या एका विद्यार्थिनीने तिच्या आईचा फोटो साध्या फोनवर काढून आणला. आई विड्या वळते आहे, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने, आणि विडीचे तोंड दुमडताना वाकलेला अंगठा. दारातून येणारा प्रकाश फक्त त्या अंगठ्यावर आणि सुपाच्या काठावर पडला आहे. आईचा चेहरा अर्धा अंधारात आहे. त्या मुलीला अ‍ॅपर्चर म्हणजे काय हे माहीत नाही. तरीही तो फोटो पाहिल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. तिला छायाचित्रण येत नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सातरस्ता | २२ जानेवारी, दुपारी २.१०

क्षणचित्रे यांना अनुमोदन. आजचा फोन एका दाबात अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो, अंधारातला भाग उजळतो आणि आकाश जळू देत नाही. औक्षणाचा तोच फोटो फोनवर काढला असता तर तो निघाला असता. जे काम यंत्र करते ते माणसाला आलेच पाहिजे, असा आग्रह आता कशासाठी धरायचा?

कडक_भाकरी | २२ जानेवारी, दुपारी २.२५

फोन प्रकाश सांभाळतो हे मान्य आहे, पण कोठे उभे राहायचे हे तो सांगत नाही.

जेकार्ड | २२ जानेवारी, सायंकाळी ६.४५

मी टेरी टॉवेल आणि चादरींच्या कॅटलॉगचे फोटो काढतो, अकरा वर्षे तेच करतो आहे. माझ्या कामाला इथे कोणी ‘सुंदर’ म्हणणार नाही, तरी या चर्चेत त्याची जागा आहे असे मला वाटते.

गिऱ्हाईक परगावी बसून फोटो पाहते आणि त्यावरून हजार नग मागवते. चादरीतला मरून रंग फोटोत विटकरी दिसला, तर माल परत येतो. एकदा तसे झाले. चूक माझी होती, नुकसान कारखान्याचे झाले आणि ते मला फार लागले. खिडकीतून दिवसाचा निळसर उजेड येत होता आणि आत पिवळे दिवे चालू होते. दोन्ही एकत्र झाल्यावर कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणाऱ्या सोयीने) मधलाच मार्ग काढला आणि कोणताच रंग खरा राहिला नाही. तेव्हापासून प्रत्येक मांडणीत पहिला फोटो ग्रे कार्डचा (रंग जुळवण्याच्या करड्या पुठ्ठ्याचा) घेतो, दिवे एकाच जातीचे ठेवतो आणि खिडकीला काळा पडदा लावतो.

टॉवेलची आणखी एक गंमत आहे. समोरून प्रकाश टाकला तर टॉवेल फडक्यासारखा सपाट दिसतो. प्रकाश बाजूने, जवळजवळ कापडाला घासून गेला, तर प्रत्येक फाशाची (दोऱ्याच्या वेटोळ्याची) बारीक सावली पडते आणि पाहणाऱ्याच्या बोटांना तो मऊपणा जाणवतो. सातरस्ता, हे कोणता फोन करतो?

माझ्या मते येणे म्हणजे सांगितलेला फोटो, सांगितलेल्या दिवशी, सांगितला तसा काढून देता येणे. मन असो वा नसो.

नान्नज_माळ | २२ जानेवारी, रात्री ९.३०

मी माळरानावरच्या पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यामुळे ‘सांगितला तसा’ हे माझ्या नशिबी नाही. तिथे येण्याचा अर्थ वेगळा आहे.

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर दुपारी लांब पल्ल्याची लेन्स घेऊन कितीही महागडा कॅमेरा लावला, तरी काळवीट धूसरच येते. नवशिके लेन्सला दोष देतात. दोष तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा असतो. जे मृगजळ डोळ्याला दिसते तेच लेन्सला मोठे होऊन दिसते. उपाय एकच आहे, सूर्य वर येण्याच्या आत फोटो काढायचा, किंवा जवळ असल्याशिवाय काढायचाच नाही. आणि जवळ जाणे हेच तर कौशल्य आहे. चंडोलाच्या दिशेने सरळ चालत गेलात तर तो उडतो. दुसरीकडे पाहत तिरपे जाऊन खाली बसलात तर तो कधीकधी स्वतःच जवळ येतो.

माळढोकाविषयी एक सांगतो. हे अभयारण्य त्याच्यासाठी झाले आणि आज तो पक्षी दिसणेच दुरापास्त झाले आहे. उरलेल्या पक्ष्यांच्या घरट्यामागे कॅमेरे घेऊन लागणारे लोक मी पाहिले आहेत, रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्षी बाहेर काढणारेही पाहिले आहेत. त्यांचे फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम असतात. त्यांना छायाचित्रण येते असे मी मानत नाही, कारण पक्षी आपल्यामुळे बावरला आहे हे त्यांना फोटोतही दिसत नाही. मान उंच, पिसे अंगाला घट्ट आणि डोळा थेट लेन्सकडे, असा पक्षी भ्यालेला असतो.

क्षणचित्रे | २२ जानेवारी, रात्री १०.००

नान्नज_माळ, आपली कळकळ पोहोचली. मात्र हा प्रश्न नीतीचा आहे. एखादा माणूस वाईट वागूनही कुशल असू शकतो.

नान्नज_माळ | २२ जानेवारी, रात्री १०.४०

असू शकतो, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. पण आमच्या क्षेत्रात पक्ष्याचे नैसर्गिक वागणे टिपणे हाच हेतू असतो, आणि ज्याच्यामुळे ते वागणेच बदलते त्याचा फोटो हेतूतच चुकलेला असतो. म्हणून मी तो नीतीबरोबर कौशल्याचाही भाग मानतो.

अंतरपाट | २३ जानेवारी, सकाळी ११.२०

मी लग्नाचे फोटो काढते. हायपो काका, तुमच्या छत्तीस फोटोंचे वाचून हात जोडावेसे वाटले. आम्ही एका लग्नात तीन हजार काढतो. तरीही महत्त्वाच्या क्षणाला फोटो एकदाच मिळतो, तीन हजार वेळा नव्हे.

आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे एकाच गल्लीत नांदतात आणि प्रत्येकाच्या लग्नाचा कळसाचा क्षण निराळा असतो. मराठी लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण धरायचा असतो. तो बाजूला ओढणार की खाली सोडणार, हे मी भटजींना आधी विचारून घेते आणि त्याप्रमाणे उभी राहते. शहराच्या पूर्व भागातले माझे पहिले पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातले) लग्न मला कायम आठवते. मंगळसूत्राची वेळ जवळ आली असे समजून मी लेन्स बदलत होते, आणि तेवढ्यात पडद्याआडून वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवले. त्यांच्यात मुहूर्त साधतो तो त्या क्षणाला. मुलीच्या आजीने माझ्याकडे पाहिले आणि तेलुगूत काहीतरी म्हटले, ते मला कळले नाही, पण कळले. त्या दिवशी माझा प्रकाश, फोकस, शटर सगळे बरोबर होते. मला लग्नच येत नव्हते.

त्यानंतर मी कोणत्याही समाजाच्या लग्नाआधी त्या घरी जाऊन बसते, घरातल्या ज्येष्ठ बाईंना क्रम विचारते आणि वहीत लिहून घेते. तीन वर्षांत थोडी तेलुगूही शिकले.

आणखी एक बाब, जी कोणी लिहिली नाही. माझा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहितो, पिशवीत दोन जादा बॅटऱ्या असतात आणि त्याच रात्री सगळे फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय मी झोपत नाही. काढलेला फोटो गिऱ्हाइकाच्या हाती सुखरूप पोहोचवणे हेही याच विद्येत येते.

रेवती_पुणे | २३ जानेवारी, दुपारी १२.१५

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून डोळे भरले. माझ्या लग्नात बाबा शेवटचे हसताना दिसले, पुढच्या पाच महिन्यांत ते गेले. ज्यांना काम दिले होते त्यांची एकच डिस्क होती आणि ती बिघडली. काम चांगले करणारे म्हणून त्यांचे नाव होते. आमच्याकडे त्या दिवसाचा एक फोटो आहे, चुलतभावाने जेवणाच्या पंगतीत काढलेला, अर्धा कापलेला, पण त्यात बाबा आहेत.

हायपो | २३ जानेवारी, दुपारी १.००

रेवतीताई, तो फोटो कागदावर छापून घ्या आणि मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवा. कापलेली बाजू तशीच राहू द्या. सुधारून घेण्याच्या भरीस पडू नका.

फ्रेम किती आणि फोटो किती, यावरून आठवले म्हणून लिहितो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे काम मी माझ्या उमेदवारीच्या काळात छापील अंकांतून पाहिले. त्यांच्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटत असे; फोटो काढला की जळलेला बल्ब काढून नवा बसवायचा. पंतप्रधान समोरून जात असताना दुसरी संधी नसे. अशा अडचणीत त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली टिपली आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. केव्हा दाबायचे हे त्यांना ठाऊक होते, असे आपण म्हणतो. केव्हा दाबायचे नाही हेही तितकेच ठाऊक असावे लागते.

शके९४० | २४ जानेवारी, रात्री ८.००

हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरातल्या शिलालेखाचा फोटो काढतानाचा अनुभव या चर्चेत उपयोगी पडेल. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो आणि त्यात जो वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे.

पहिल्या खेपेला मी समोरून फ्लॅश टाकून फोटो काढला. दगड झकास आला, एकही अक्षर वाचता येईना. कोरीव अक्षर म्हणजे खोबण असते. समोरून आलेला प्रकाश खोबणीतही पडतो आणि बाहेरही, मग भेद उरत नाही. दुसऱ्या खेपेला कॅमेरा तिपाईवर लावला, फ्लॅश बंद केला, शटर दोन सेकंद उघडे ठेवले आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश सोडला. अक्षरे उठून आली. जेकार्ड यांनी टॉवेलच्या फाशांविषयी लिहिले आहे तेच तत्त्व आहे. तरीही काही रेघा दिसेनात, कारण जी रेघ प्रकाशाच्या दिशेला समांतर असते तिची सावली पडत नाही. तेव्हा विजेरी चार दिशांनी धरून चार फोटो घेतले आणि ते शेजारीशेजारी ठेवून वाचले.

तो फोटो कोणी भिंतीवर लावणार नाही. पण ज्या कामासाठी काढला ते काम त्याने केले. क्षणचित्रे यांना माझा प्रश्न असा आहे की फोटो कशासाठी काढतो आहोत हे ठरवल्याशिवाय ‘येते’ की ‘येत नाही’ हे ठरवता येईल का?

क्षणचित्रे | २४ जानेवारी, रात्री ९.१०

नाही ठरवता येणार. हे मान्य करतो. तरी माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तसाच राहतो.

हायपो | २४ जानेवारी, रात्री ९.३०

मग एक करा. त्या मुलीला तसाच फोटो पुन्हा काढून आणायला सांगा, दुसऱ्या दिवशी आणि दुसऱ्या कोणाचा तरी. तो तिला सापडला होता की तिने काढला होता, हे तेव्हा कळेल.

तळ्याकाठी, तुम्हालाही तेच सांगतो. एक जागा निवडा, एक लेन्स लावा आणि फक्त छत्तीस फोटो काढा. बटन दाबण्यापूर्वी काय हवे आहे ते वहीत एका ओळीत लिहा. घरी येईपर्यंत पडद्यावर फोटो पाहू नका. मग वही आणि फोटो समोरासमोर ठेवा.

क्षणचित्रे | १ फेब्रुवारी, दुपारी ४.००

हायपो काका, मुलगी फोटो घेऊन आली. यावेळी शेजारच्या काकू आहेत, त्याही विड्या वळणाऱ्या. प्रकाश पुन्हा हातांवर आणि सुपाच्या काठावर, चेहरा पुन्हा अर्धा छायेत. मी तिला विचारले की हे तुला कसे जमले. ती म्हणाली, ‘सर, आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांची दारे पश्चिमेला आहेत. साडेचारनंतर ऊन उंबऱ्यावरून आत येते आणि पंधरा-वीस मिनिटांत भिंतीवर चढते. त्या वेळी सूप दारापासून दोन हातांवर असेल तर ऊन हातावर येते. मी काकूंना आधीच तिथे बसायला सांगितले. पहिल्या वेळी फोन जास्तच उजळ करत होता, म्हणून मी पडद्यावर बोट ठेवून प्रकाश खाली ओढला.’

मी तिला ‘दृष्टी’चे उदाहरण म्हणून पुढे केले होते. तिच्याकडे दृष्टी आहेच, पण ती जे बोलली ते सगळे तंत्र होते. फक्त तिला आपली नावे माहीत नाहीत. माझी मांडणी अपुरी होती.

हायपो | १ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

तिला छायाचित्रण येते. मीही माझे थोडे दुरुस्त करतो: मी कारणे सांगण्यावर भर दिला, पण तिने आधी उन्हाची वाट पाहिली. माझा जुना एनलार्जर (फोटो मोठा करून छापण्याचे यंत्र) आणि ट्रे माळ्यावर पडून आहेत. तिला डार्करूम पाहायची असेल तर आईला बरोबर घेऊन जरूर यावे.

सातरस्ता | १ फेब्रुवारी, सायंकाळी ५.०५

फोनने प्रकाश वाढवला आणि तिने तो कमी केला, हे वाचून माझा मुद्दा मीच मागे घेतो. यंत्राचे म्हणणे नाकारता येणे हेही यावे लागते.

तळ्याकाठी | ८ फेब्रुवारी, रात्री १०.३०

उशिरा परत आलो, कारण छत्तीस फोटो काढायला दोन रविवार लागले. जागा म्हणून ओळखीच्यांचा यंत्रमागाचा कारखाना निवडला. सहा माग, वर ट्यूबलाइट, एकच दार.

वहीतली पहिली ओळ अशी होती: ‘धोटा हवेत स्थिर दिसावा.’ (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा भाग.) १/५०० वर काढला. धोटा स्थिर आला, पण फोटोभर आडवे काळपट पट्टे उमटले. घरी येईपर्यंत पाहायचे नाही असे काकांनी सांगितले होते, त्यामुळे पहिल्या रविवारच्या अठरांपैकी अकरा फोटो त्याच चुकीत गेले. जेकार्ड दादांना निरोप पाठवून विचारले तेव्हा कारण कळले: आपली वीज ५० हर्ट्झची असते, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, आणि शटर त्यापेक्षा जलद असेल तर फोटोच्या प्रत्येक भागाला निरनिराळा प्रकाश मिळतो. १/१०० किंवा १/५० ठेवले तर पट्टे जातात, पण धोटा थांबत नाही.

मग दुसऱ्या रविवारी मी हवे काय तेच बदलले. वहीत लिहिले: ‘विणकर काका स्थिर, धोटा वाहता.’ कॅमेरा तिपाईवर, शटर १/५०, आयएसओ १६००. काका तुटलेला धागा जोडून माग सुरू करतात तेव्हा एक क्षण हात दांडीवर ठेवून कान देतात, माग नीट बोलतो आहे का ते ऐकतात. त्या वेळी ते अजिबात हलत नाहीत. हे मला चौथ्या वेळी लक्षात आले आणि पाचव्या वेळेची मी वाट पाहिली. शेवटच्या अठरांत लिहिल्यासारखे तेरा आले. उरलेल्या पाचांपैकी चारांची कारणे मला सांगता येतात. क्रमांक २३ चे कळत नाही: सगळे आकडे तेच, तरी काकांचा चेहरा मऊ आला आहे आणि मागची भिंत मात्र धारदार आहे.

मावशीकडेही जाऊन आलो. औक्षणाचा फोटो निघाला नव्हता हे सांगितले. तिने पुन्हा पाटावर बसायची तयारी दाखवली, पण मी त्याऐवजी ती दुपारी खिडकीशी बसून वाती वळते तो फोटो काढला, एक स्टॉप वाढवून, कारण तिचे लुगडे पांढरे होते आणि कापूसही.

हायपो | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

क्रमांक २३ मध्ये फोकस चेहऱ्यावरून मागच्या भिंतीवर गेला आहे. काकांच्या मागे कॅलेंडर किंवा असेच काही ठळक रेघांचे असेल, तर ऑटोफोकस तिकडे ओढला गेला असणार. मूळ फाइल पाठवा, खात्री करून सांगतो. वाती वळतानाचा फोटोही इथे लावा, मावशींची हरकत नसेल तर.

तळ्याकाठी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

कॅलेंडरच आहे, काका. लाल आकड्यांचे. फाइल पाठवली आहे. मावशीला विचारून संध्याकाळी लावतो.